सातवं रीळ

पळून जाणाऱ्या जोडप्यांचे सिनेमे
मी एकूण अकरा पाहिले, सगळे उलटे.
गुंडाळणीवर, बल्बापुढं फिल्म धरून:
गोळी अंगातून निघून बंदुकीत परत जायची,
नोटा बँकेच्या खिडकीत शिरायच्या,
आणि दोघं मागं मागं चालत
एकमेकांना अनोळखी व्हायची.

डिचोलीत रविवारी सकाळी इंग्रजी खेळ.
खाणीवरचे फोरमन, कॉलेजची पोरं,
खुर्च्यांवर तांबडी धूळ.
प्रिंट एकच, थिएटरं दोन.
पणजीत रीळ संपलं की कायतान पायलट
डबा टाकीवर घेऊन रायबंदरला,
फेरीतून चोडणला, मयेच्या चढावरून आमच्याकडं.

तुलना करायची तर
काळ्या-पांढऱ्यातली जोडी जास्त भांडते.
ती गाडी हाकते, तो नकाशा उलटा धरतो,
पेट्रोल संपतं तेव्हा दोघांना हसू येतं.
रंग आले तशी ती देखणी झाली.
भांडण कमी, केस जास्त.
एकात तर सिनेमाभर पाऊस आणि वायपर, बोलणंच नाही.
दत्ताराम च्यारी, आमचा ऑपरेटर, ओरडायचा,
साउंडचा दिवा गेला की काय बघ रे!

मला आवडलेल्यात तिची अक्कलदाढ दुखते.
सात बँका लुटून सुटलेली माणसं
दंतवैद्याच्या बाकावर नंबर लावून सापडतात.
त्याला पळता आलं असतं, खिडकी उघडी होती.
तो तिच्या गालाला हात लावून बसला.

आणि रस्ते.
दिवसभर गाडी पळते तरी झाड बदलत नाही.
तसा रस्ता आमच्याकडं कुठला?
च्यारी हिशेब मांडायचा:
बँक लुटली साखळीत, समजा.
तासाभरात पत्रादेवीचा नाका, नाहीतर समुद्र,
नाहीतर फेरी. आणि फेरी म्हणजे
बंदूक पिशवीत घालून उभं राहायचं,
शेजारची मासळीवाली विचारणार,
"तू कोणाची गे?"
दुसऱ्या प्रश्नात आजोळापर्यंत पोचणार.
इथं पोलीस लागतातच कशाला.

एका रविवारी सातवं रीळ आलंच नाही.
मांडवीत खनिजाची बार्ज आडवी रुतली.
फेरी चोडणला, कायतान रायबंदरला.
पडद्यावर ती संत्रं सोलत होती,
तो बुटातला खडा काढत होता,
एवढ्यात पांढरं.
शिट्ट्या झाल्या. तिघांनी पैसे परत मागितले,
बाकीचे जेवायला गेले.
पणजीत ती दोघं पावणेबाराला मेली.
डिचोलीत मेली नाहीत.

चारला कायतान आला, डबा पोटाशी,
पँट गुडघ्यापर्यंत चिखलात.
तिकीट खिडकीवरची शशिकला नार्वेकर
अजून घरी गेली नव्हती,
का, ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.
तिनं विचारलं, मग पुढं काय झालं त्यांचं?
कायताननं आयुष्यात एकही शेवट पाहिला नव्हता,
सगळे टाकीवरून नुसते नेले होते.
त्यानं डब्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.
"पावलीं आसतलीं," म्हणाला.

च्यारीनं डबा उघडला नाही.
मीही ते रीळ गुंडाळलं नाही.
शेवट वरच्याच वेढ्यात ठेवून
सोमवारच्या बसनं परत पाठवलं.

श्रावण संपला त्या आठवड्यात ती दोघं गेली.
मॅनेजरनं गल्ला तीनदा मोजला,
चार आणेसुद्धा कमी नव्हते,
उलट तिच्या पगारातले अठरा रुपये आमच्याकडंच राहिले.
फेरीवर कोणीतरी विचारलं असणारच,
तू कोणाची गे.
तिनं काय सांगितलं
ते मात्र कधी कळलं नाही.