निव्वळ

वजनकाट्यावर बसून सतरा वर्षं झाली.
ट्रक चढतो, आकडा थरथरतो, थांबतो.
भरलेला वजा रिकामा,
उरेल ते निव्वळ. पावती फाडायची.
जालन्याच्या एमआयडीसीत येणारं भंगार
आधी माझ्या खिडकीखालून जातं.

त्या रात्री शटर अर्धं ओढून
मी माझीच गाडी चढवली.
जुनी आठशे, शिकवणीच्या सरांकडून घेतलेली.
मागच्या सीटखाली खडूचे तुकडे निघाले होते
आणि कुणा पोराचं दहावीचं हॉलतिकीट.
तौफिक मिस्त्रीनं सीट काढली, गालिचे काढले,
डांबराचं अस्तर छिन्नीनं सोललं,
आत पाइपांचा पिंजरा वेल्ड केला
आणि म्हणाला, "ताई, ये अब गाडी नै रही.
डब्बा है. बजा के देखो."
टिचकी मारली. खरंच वाजला.

नियमांची वही पातळ आहे.
सगळ्यांना एकच इंजिन, त्याला शिशाचं सील.
टायर तेच, चार, हंगामभर पुरवायचे.
गाडी आणि चालवणारा मिळून सहाशे ऐंशी किलो,
खाली एक ग्रॅम नाही.
म्हणजे पैसेवाल्याला इथं विकत घ्यायला
काही उरलेलंच नाही, असं वाटलं मला.
मग तोष्णीवालांचा पोरगा ट्रेलरवर गाडी घेऊन आला,
सोबत दोन माणसं,
सरावापुरता टायरांचा वेगळा संच.
असो.

मी आत बसले, तौफिक माझ्या खुर्चीत.
माझं वजन बावन्न.
आमचा काटा दहाच्या खाली बोलत नाही.
सहाशे साठ म्हणाला, मग सत्तर, मग परत साठ.
"वीस कम है. ज्वारी की गोनी रख दो."
पण वहीत लिहिलंय, पोलादच पाहिजे,
चार बोल्टांनी तळाशी आवळलेलं.

रोलिंग मिलच्या ज्ञानोबा खरातानं
पट्टीचा तुकडा कापून दिला,
गोणपाटात गुंडाळून, अजून कोमट.
"कामून लागतंय बाई?"
म्हटलं, मी कमी पडतेय.
त्यानं पैसे घेतले नाहीत.

फिटनेसच्या कागदासाठी डॉक्टरांनी विचारलं,
चक्कर येते का. झोप लागते का.
वय त्रेचाळीस. ते त्यांनी दोनदा वाचलं.
रक्तगट छातीवर लिहावा लागतो.
पोरीनं शिवून दिला, लाल दोऱ्यानं, साखळी टाक्यात.
शिवताना काही बोलली नाही.
मग दातानं दोरा तोडून म्हणाली,
"धुतल्यावर रंग जाईल का गं याचा?"

शेंद्र्याजवळ भाड्यानं घेतलेला डांबरी वळसा,
कडेला सुकलेली तूर.
अठरा गाड्या, मी सतरावी.
हिरवा झेंडा हलला.
पहिल्या वळणाला मी ब्रेक दाबला
तिथं बाकी कुणीच दाबला नाही.
सगळे दिवे माझ्यापासून लांब गेले.
मागचा एकटा हॉर्न वाजवत होता,
हॉर्न काढायचा राहून गेला होता त्याचा.

चौथ्या फेरीत कळलं,
घाबरायची जागा ठरलेली नसते.
टायरांच्या ढिगापाशी घाबरत होते,
ती पुढं सरकवून पांढऱ्या रेघेपर्यंत आणली,
मग रेघेच्या पलीकडं पाच हात.
पाय वाट बघत राहिला
आणि हातांनी वळण घेतलं.
एकदा गाडी तुरीत गेली. शेंगा वाजल्या आत.
तशीच बाहेर काढली.

सोळावी आले. दोघांच्या गाड्या बंद पडल्या होत्या.

शेवटी सगळ्यांना काट्यावर जावं लागतं.
हेल्मेट मांडीवर, घाम मानेवरून पाठीत.
खिडकीतला पोरगा मोबाइल बघतोय.
आकडा थरथरतो. थांबतो.
सहाशे एक्क्याऐंशी.
त्यानं वर न बघता पावती फाडून दिली,
मी देते तशी.

पावतीवर सही नव्हती.
मी हात बाहेर काढला, परत दिली.
म्हटलं, सही.