तेरावा महिना

चूक ओरडते तेव्हा बरं असतं.
लाल अक्षरांत ओळ सांगते, रकाना सांगते,
वर्गात हात वर करून उभी राहते.

देब्रे बिरहानच्या दवाखान्यात
मेस्तावतला सकाळी अशा एकेचाळीस भेटल्या.
सगळ्या ३०/०२ च्या.
टिकिम्त महिन्याची तीस तारीख,
पण यंत्राने दोन म्हणजे फेब्रुवारी धरला
आणि कळवलं: असा दिवस नाही.
नाही कसा? त्याच दिवशी तिच्या भावाचं लग्न झालं,
चार मेंढ्या कापल्या.

दुपारपर्यंत एकेचाळीस निस्तरल्या.
लॉग कोरा. कॉफी तिसऱ्या उकळीची, पाणीदार.
बाहेर युकॅलिप्टसमधून गार वारा.

तेवढ्यात गेताहुन आला, लसीच्या खोलीतून.
येशारेग नावाची बाई, पाठीला बांधलेली मुलगी,
गोवराची लस, नवव्या महिन्याची.
पडदा म्हणतो पंधरा महिने.
म्हणतो दुसरा डोस द्या, पहिला कुठाय?
आई म्हणते, अहो, काल रांगायला लागली.

मेस्तावतने कागदी वही उघडली.
निळ्या शाईत, नीट: ६/१३/२०१५.

आपल्या म्हणीत तेरावा महिना
दुष्काळातच येतो.
तिथे तो दरवर्षी येतो,
पाच दिवसांचा, चौथ्या वर्षी सहा,
पावसाळा संपवत, माळावर पिवळी फुलं सोडत.
पागुमे.
त्या दिवसांचा पगार नसतो,
बाळंतपणं मात्र होतात.

आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ होती,
तिनेच लिहिलेली, दोन वर्षांपूर्वी, घाईत:
आधी दिवस, मग महिना;
नाही जमलं तर उलटं करून बघ.

उलटं केलं की जमतंच.
सहावा महिना, तेरावा दिवस.
यंत्र समाधानी. कुठेही लाल नाही.

वर्षं तिथलीच, आजची तारीखही तिथलीच,
म्हणून बाकीच्यांची वयं साधारण जुळत होती.
दोन चुकीची घड्याळं
एकमेकांना बरोबर म्हणत होती.

तिने तेरा तारखेचे जन्म मोजले.
जानेवारी ते मे, दर तेराला जत्रा;
जूनला थोडकी माणसं,
जुलैपासून पुन्हा शुकशुकाट.
सहाच्या पुढे पागुमेत दिवसच नाहीत.
तीनशेसात जण, कुणीही तक्रार न केलेले.
त्यात एक तिचा मामेभाऊ.

ओळ खोडली.
बारापाशी थांबणारी अट तेरापर्यंत नेली नाही अजून,
आधी फक्त ओळ खोडली,
आणि सगळं पुन्हा चालवलं.

पडदा खालपर्यंत लाल होत गेला.
भिंतीपलीकडे गेताहुनने सुई टोचली असावी.

येशारेग जाता जाता दारात थांबली:
हिचा वाढदिवस मग कधी करायचा?
मेस्तावतने बोटांवर मोजलं.
सोळा, सतरा, अठरा...
एकोणीसला, ती म्हणाली,
आणि पुन्हा मोजलं.