पंगत बदलताना

नॉरफोकच्या धक्क्यावर अकरा वर्षं
मागच्या शिडीने जहाजावर चढायचे.
परवा पुढच्या शिडीने गेले.
खांद्यावर एक सोनेरी पट्टी, एवढीशी.
एवढी चीर पाइपाला दिसली असती
तर पाळी संपायच्या आत बुजवून टाकली असती.

न्यूपोर्टला बरंच शिकवलं:
तलवार कशी धरायची, शोकपत्र कसं लिहायचं,
काटा कुठल्या हाताला.
वाफेच्या पाठात दोन चुका होत्या.
मी हात वर केला नाही.
माझ्या कोपराखाली तो पाठ
दुरुस्त करून डागलेला आहे.

पहिला सॅल्यूट प्रुडोमचा.
चीफ ओडेल प्रुडोम, निवृत्त, डावा कान कामातून गेलेला,
रात्रभर बस बदलत आलेला,
पोटावर जुना गणवेश ताणून.
रिवाजाप्रमाणे त्याच्या तळहातावर मी चांदीचा डॉलर ठेवला.
त्याने तो दाताखाली धरून पाहिला.
"आर्सेनो, आजवर तू चुकलीस की तुझी बोटं भाजायची.
इथून पुढे दुसऱ्यांची."
मग आठवल्यासारखं, उशिरा: "मॅडम."

वॉर्डरूमच्या टेबलावर पांढरी चादर.
नॅपकिनच्या कड्यावर माझं नाव, एक अक्षर चुकलेलं.
जेवण झालं, आणि माझे हात आपले आपणच
ताट उचलून निघाले
भांड्यांच्या खिडकीकडे.
बोलणी थांबली.
विलालुझ, एकोणीस वर्षांचा, कडक इस्त्रीचं जाकीट,
वाकून हळूच म्हणाला, "राहू द्या मॅडम, ते माझं."
थोडा वेळ ताट आम्हा दोघांच्याही हातात होतं.
मग मी सोडलं.
महिनाअखेरीला त्या जेवणाचं बिल आलं.
खाली फुकट जेवायचे.

पहाटे उठताना मान अजून आपोआप खाली जाते.
डोक्यावर आता दुसरी बंक नाही,
पण मानेला कोणी हुकूम पोचवलेला नाही.

काल रात्री इंजिनरूममध्ये उतरले.
तोच तेलाचा वास, तीच धाप लावणारी उष्णता.
तिथे कान कामाचे नसतात, माणसं ओठांवरून वाचायची.
कियाम्बाव सांगत होता, हातवारे करून,
कॅप्टनच्या कुत्र्याचं आणि बंदरावरल्या न्हाव्याचं.
आठ वर्षं आम्ही एकाच डब्यातली कॉफी प्यायलो,
एकमेकांच्या आयांच्या आजारपणात पाळ्या बदलून घेतल्या.
शिडीच्या मधल्या पायरीवरून मी वाचलं,
"तेव्हा न्हावी म्हणतो..."
आणि त्याला माझे बूट दिसले.

ओठ मिटले. मग उघडले.
"प्रेशर ठीक आहे, मॅडम."
मी गेजकडे पाहिलं.
प्रेशर ठीक होतं.

आता दिवा मालवला की
त्या न्हाव्याच्या तोंडी मी काहीबाही घालून बघते.
रोज नवं.
अजून एकदाही हसू आलेलं नाही.