अंगी लागणं

फ्लास्कच्या तळाशी बसलेल्या पिवळट साक्याला
आल्मुट नाव देत नाही. फक्त चिठ्ठी:
तारीख, टेकडीचा नंबर, कितव्यांदा वाढवलं.
आज एकतीस.

टेकडी म्हणजे देवानं केलेली नव्हे.
खाणीतून वर आणून ओतलेला दगड,
डब्यामागून डबा, चाळीस वर्षं;
मग काम थांबल्यावर
वर मातीची गोधडी घालून, गवत पेरून
सरकारनं निजवलेला.
त्यात युरेनियम अजून आहे.
काढण्याइतकं नाही,
विसरण्याइतकंही कमी नाही.

तिथे राहतो हा जिवाणू.
याच्या अंगावर प्रथिनांची फरशी,
सगळे तुकडे एका साच्यातले.
गवंडी कुणी नाही, तुकडे आपापली जागा धरतात,
सांध्यांपुरतं फक्त चिमूटभर कॅल्शियम मागतात.
फरशीला बारीक भोकं, अंगभर आम्लाचे हात,
ऋण भाराचे, रिकामे.
पाण्याबरोबर धातू येतो आणि तिथेच अडतो,
ऑक्सिजनच्या चिमटीत.
आत पेशी जेवते, वाढते, दुभंगते.
विष दारातच,
चपलांसारखं.

ती चिमट किती रुंद, हे आल्मुटला मोजायचं आहे.
त्यासाठी ग्रेनोब्लला वर्षातून पाच दिवस
क्ष-किरणांची शलाका मिळते, बहुतेक रात्रपाळीला.
वडिलांनाही रात्रपाळीच असायची.
एहरेनफ्रीड. सोळाव्या वर्षी पिंजऱ्यातून खाली उतरला,
पाण्याशिवाय कोरडाच बरमा चालवला,
महिन्याला स्वस्त दारूची कुपनं घरी आणली.
खायचा दोघांचं, दिसायचा काठीसारखा.
आई म्हणायची, याच्या अंगी काही लागत नाही.
लागत होतं.
फोटो उजेडासमोर धरून डॉक्टरांनी दाखवलं,
छातीत कुठे, आणि केवढं.

एकतीस.
थर सोलला, जेलवर चढवला, रंग दिला.
जिथे ठसठशीत पट्टी उमटायची
तिथे नुसता निळसर धुरळा.
पुन्हा केलं. पुन्हा तेच.
जिवाणू मात्र ठणठणीत!
ऊब, गोडसर रस्सा, रात्रंदिवस झुलवणारं यंत्र.
एकतीस वेळा कुणी त्याला विष दाखवलं नाही,
त्यानं अंगरखा विणणं सोडून दिलं.
होतं असं, साहेब म्हणाले, फ्रीझरमधला जुना काढा.
फ्रीझर ऑगस्टमध्ये बंद पडला होता.
वहीत नोंद आहे, तिच्याच अक्षरात.

म्हणून नोव्हेंबरात, पहिल्या दहिवरात,
निर्जंतुक नळ्या आणि स्वयंपाकघरातला डाव घेऊन ती टेकडीवर.
खाली गावात खिडक्यांतून लाकडी मेणबत्त्यांच्या कमानी,
यंदा लवकरच लावलेल्या.
कुत्रा फिरवणारा एक म्हातारा कुंपणाशी थांबला.
ग्ल्युक आउफ, म्हणाला, खाणीतला जुना रामराम.
तिनंही तोच परतवला, तोंडातून आपसूक गेला.
तू एहरेनफ्रीडची ना? मी राइनवार्ट,
एकाच पिंजऱ्यात उतरायचो.
काय शोधतेस? आम्ही सगळं काढलं होतं की.
तिनं सांगितलं. फरशी, हात, दार.
त्यानं ऐकून घेतलं, मधे एकदा खोकायला वेळ घेतला.
मग विचारलं, धरलेलं सोडतो का तो?
सोडतो. लिंबासारखं आंबट काही दिलं की सोडतो.
थर पुन्हा रिकामा, पुन्हा कामाला तयार.
बरं, म्हणाला. आणि सुटलेलं
तुम्ही कुठे ठेवता?

कुत्र्यानं दोरी ओढली.
आल्मुट डावानं माती खरवडत राहिली,
वरची गोधडी, मग पिवळी चिकणमाती,
मग खालचा करडा, कुणी न मागितलेला दगड.
सहा नळ्या. झाकणं घट्ट.

गाडीशी आल्यावर तिनं बूट काढले,
पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली,
आणि मोज्यांवरच गाडी चालवत
घाट उतरली.