पित्त नव्हे

सर्जेकोटात कुणाच्या अंगावर गांधी उठल्या
की आधी आमसूल भिजतं.
मीही भिजवते. माझी आईही भिजवायची.
आमसुलाशी माझं भांडण नाही.

पण शेवंती तारीला रिक्षातून उतरवलं
तेव्हा गळ्यावर, दंडावर लाल चट्टे,
ओठ कुणा दुसरीचे आणून चिकटवल्यासारखे,
आणि दीर दारातूनच सांगत होता,
पित्त उठला हां, सिस्टर,
आमसुलाचा पाणी दिलंव, ता पण उलटून पडला.

चट्ट्यांकडे मी नंतर बघितलं.
आधी तिचा आवाज ऐकला.

हा आवाज मला ठाऊक आहे. लिलावात
मोटारसायकलींच्या, बर्फाच्या मशीनच्या वर चढणारा,
एका सुरमईसाठी व्यापाऱ्याचा बाप काढणारा.
तो आता मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा,
आणि श्वास आत घेताना बारीक शीळ.

"बाय, मी आता जगूचंय नाय."

असं कुणी म्हणालं तर
काय होत नाही गो, म्हणून गप्प करू नये.
तेही लक्षण आहे. आम्हाला शिकवलेलं आहे.

वीस वर्षं शेडमध्ये कोळंबी सोलली तिने.
बोटं खाजायची, ती खाऱ्या पाण्यात बुडवायची,
कामाला लागायची.
आज दुपारी भातावर चार कोळंब्या.
रोजच्याच. मोजून चार.

कुपीची मान मोडली. ॲड्रेनॅलिन, अर्धा मिलिलिटर.
मांडीच्या बाहेरच्या अंगाला, पातळावरूनच,
निऱ्या सोडायला वेळ नव्हता.
पाठीला उशी, पाय लांब.
उभी राहायला धडपडत होती, राहू दिलं नाही.
दीर म्हणाला, गोळी नाय काय?
गोळी आहे. गोळी चालत येते.

पाच मिनिटं. नाडी सुताएवढी.
दुसरी कुपी.
एकशेआठला फोन, कसालच्या पुढे आहे म्हणाले.

मग कधीतरी शीळ थांबली.
मला कळलं नाही, कारण त्याच वेळी
ती दिरावर ओरडली,
"माज्या टोपलेर फडको घातलंस काय नाय रे?"
उपकेंद्राच्या काचा हलल्या.

तरी ओरोसला पाठवलीच. गेलेलं परत येऊ शकतं,
रात्री, कुणी जागं नसताना.

कागदावर लिहून दिलं:
कोळंबी नको. कुर्ली नको.
सोलणंही नको.
तिला वाचता येत नाही.
पहिल्या दोन ओळी मी वाचून दाखवल्या.