अंथरूण

समितीचा फॉर्म चौतीस पानी.
पान अकरा, कलम चार : शहरात एकूण खाटा किती?
नऊ हजार हव्यात.
महापौर म्हणाले, काढ कुठूनही.
म्हणून मार्चच्या ओल्या वाऱ्यात
मी क्लाइपेदाची अंथरुणं मोजत फिरते आहे,
गळ्यात नगरपालिकेचं ओळखपत्र, पिशवीत मोजपट्टी.

मोजपट्टी अशासाठी, की येणार ते बास्केटबॉलवाले.
कलम चार-ब : दोनशे वीस सेंटिमीटरपेक्षा आखूड खाट धरू नये.
अंथरूण पाहून पाय पसरावेत,
हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.
आमच्या गावाला तरी कुठे सांगितलंय?

हॉटेलं : एक हजार नऊशे बारा.
बंदरावरचं खलाशांचं जुनं निवास : साठ, उशांना डिझेलचा वास.
नर्सिंग शाळेचं वसतिगृह : दोनशे चाळीस, सगळ्या आखूड.
कीलला जाणारी बोट पंधरा रात्री धक्क्याला बांधून ठेवली
तर आणखी तीनशे.
कप्तान हसला. म्हणाला,
आणि कीलचे लोक काय पोहत जातील घरी?

रिमविदास, आमचा हिशेबनीस, म्हणतो :
पंधरा दिवसांचं लग्न, वीस वर्षांचं कर्ज,
आणि वऱ्हाडाला खड्डे दिसू नयेत म्हणून वर गालिचे.
खरं आहे, मी म्हणते.
पण परवा शाळेच्या अंगणात, वाकलेल्या रिंगखाली
(जाळी दोन हिवाळ्यांपूर्वीच गेली)
सात-आठ वर्षांची एक पोर
गारठलेल्या हातांनी चेंडू टाकत होती,
आणि दर वेळी स्वतःच
गर्दीचा आवाज काढत होती.
तो कुठल्या रकान्यात लिहू, रिमविदास?

हॉटेलं संपली तशी घरं धरली.
पाच मजली, एकसारखी, जिन्यात उकडलेल्या बिटाचा वास.
आणि मग खाटाच खाटा.
दार उघडतं, कुणीतरी मला आतल्या खोलीत नेतं :
भिंतीवर शाळेतलं पदक, ताणून बसवलेली चादर,
उशीला डोक्याचा खळगा नाही.
डब्लिन. ऑस्लो. हल. पुन्हा डब्लिन.
दोन जिन्यांत एकोणतीस.
आकडा चढत गेला तसा माझा हात जड होत गेला.
एवढे पाहुणे मावतील आमच्या शहरात,
कारण आमच्यातलेच एवढे उठून गेलेत.
हे मी कचेरीत कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या मजल्यावर दांगुओले स्तोंकिएने.
तिच्या स्कीर्मांतासची खाट : दोनशे चौतीस.
पायथ्याशी फळी जोडलेली,
पोरगा सोळाव्या वर्षी खाटेबाहेर वाढला तेव्हा बापाने.
घराघरांतून फिरल्यावर
नियमात बसणारी ही पहिली.
मी लिहायला लागले, तर तिने पेनावर हात ठेवला.
"ही नको.
सामने इथे झाले तर तो येईल ना बघायला."
आणि नाही झाले तर?
"नाही झाले तर लिही की खुशाल."

मी त्या फळीवरच बसले.
तिने काळा पाव आणला, धुरी दिलेला मासा,
काटे तिनेच काढले, मी लहान असल्यासारखे.
खिडकीत बंदराच्या क्रेन,
पलीकडे वाळूच्या टेकड्यांवर उतरत चाललेलं धुकं.
किती झाल्या, तिने विचारलं.
सहा हजार आठशे सत्तर.
"पुरतील?"
नाही.
"चांगलं की वाईट?"
मला मासा गिळायला वेळ लागला.

शुक्रवारी फॉर्म जाईल.
माझ्या आईच्या घरी एक खाट आहे, माझ्या भावाची,
एकशे नव्वद, म्हणजे तशीही बाद.
ती मी बेरजेत धरली आहे.
पेन्सिलीने.