वायरलेसची नोंदवही

ठराव झाला तेव्हा राजधानीत म्हणे
सोळा झेंडे एका ओळीत उभे होते,
आणि पंखा जोरात असल्यामुळे
सगळे एकाच दिशेला फडकत होते.

इथे, पेंबाच्या उत्तरेला, वारा समुद्रावरून येतो.
झेंडा एकच, तोही अर्धा उसवलेला.

मी लेत्लात्सा, लेसोथोचा, डोंगरातला.
तिशी उलटेपर्यंत समुद्र पाहिला नव्हता.
पहिल्या रात्री त्याचा आवाज ऐकून
बंदूक घेऊन उठलो;
टांझानियाच्या किनाऱ्यावरचा नासोरो हसला नाही.
"भरती आहे," म्हणाला, "झोप."
सुरक्षा सहकार्याची माझ्या वहीतली
ही पहिली नोंद.

दुसरी: त्यांचा वायरलेस आमच्या वायरलेसशी बोलत नाही.
बोत्स्वानाच्या बॅटऱ्या आमच्यात बसत नाहीत.
नकाशे तीन, आणि प्रत्येकात
नदी वेगळ्याच गावाशी वळते.
एक ना धड.
वर कळवलं. वरून उत्तर आलं:
समन्वय समिती नेमण्यासाठी समिती नेमली आहे.

तोवर आमाद.
वय चौदा, सायकल निळी, ब्रेक नाही.
चिठ्ठी शर्टाच्या आत, पोटाशी,
या चौकीवरून त्या चौकीवर,
जळक्या शाळेला वळसा घालून.
त्याचा पगार कुठल्या देशानं द्यायचा
हे अंदाजपत्रकात नव्हतं,
म्हणून नासोरो तांदूळ देतो, मी साबण,
केआलेबोगा त्याची गणितं तपासते.

त्याची आई मुआनाशा सुकी मासळी विकते.
चार भाषांत 'किती हवी?' म्हणते,
एकीतही 'कधी जाणार?' विचारत नव्हती.
विचारलं ते परवा,
मुदतवाढीचा कागद अडकल्यावर.
कुणी पैसे भरले नव्हते, कुणी सही केली नव्हती.
मी गप्प. वायरलेस खरखरला,
जणू त्यालाच विचारलं होतं.

संध्याकाळी नासोरोनं काडीनं वाळूत रेघा ओढल्या,
कोण किती दिवस थांबू शकतो त्याच्या.
केआलेबोगाची वीतभर. माझी बोटभर.
स्वतःची ओढताना थबकला,
"विचारून सांगतो."
आमाद तेवढ्यात रेघांवरूनच गेला
सायकल ढकलत, घाईत, चिठ्ठी घेऊन,
आणि त्याच्या चाकाची रेघ
पार पाण्यापर्यंत गेलेली
आम्ही तिघं बघत राहिलो.

आजची नोंद:
भरती पहाटे पाचला.
त्या चौकीकडून उत्तर: सगळं शांत, मीठ पाठवा.
झेंडा मुआनाशानं शिवला,
दोरा मासेमारीच्या जाळ्याचा.
रंग जुळत नाही.
टाका धरतोय.